कार्बोरेटरवाल्या गाडीची स्लो रेस: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लो रेस म्हणजे मूठ सोडलेली असताना उभ्या गाडीचं इंजिन ज्या वेगाने चालत राहतं तो वेग. सिग्नलवर गाडी बंद पडते, सकाळी रेस धरत नाही, दुपारी रेस आपोआप वाढते. या तीन तक्रारी मला वर्षभर येतात, महिना बदलला की फक्त त्यांचा क्रम बदलतो. मी धंद्याने मेकॅनिक नाही. घरच्या तीन जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने चालत्या ठेवतो, आणि त्यातून जे कळलं ते इथे आहे. शंभर ते दोनशे सीसीच्या, एका सिलिंडरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. माझ्या गाडीला हे लागू होतं का? कार्बोरेटर आहे की इंजेक्शन, कसं ओळखू?

कार्बोरेटर (कार्ब) म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, लागू झाले आणि त्यानंतरच्या जवळपास सगळ्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. मोजक्याच छोट्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर आला. किल्ली फिरवल्यावर टाकीखालून एक-दोन सेकंद बारीक घुर्र आवाज येऊन थांबला आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागून गेला, तर गाडी इंजेक्शनची. हाताने ओढायचा चोक असेल तर बहुधा कार्बोरेटरची. इंजेक्शनच्या गाडीची रेस सेन्सर सांभाळतात, त्यामुळे खाली दिलेला एकही स्क्रू तिच्यात शोधत बसू नका.

२. स्लो रेस नेमकी किती पाहिजे? माझ्या गाडीला आरपीएम मीटरच नाही.

शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना १३०० ते १४०० आरपीएम लागतात. जुनी बुलेट हजाराच्या आसपासही निवांत ठोके देत उभी राहते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. मीटर नसेल तर गाडी चांगली गरम करा, न्यूट्रलमध्ये टाका आणि मुठीवरून हात काढा. मिनिटभर एकसारखी चालली आणि ब्रेक दाबून मागचा दिवा लावला तरी जेमतेम दबून सावरली, तर रेस बरोबर आहे.

"भाऊ, रेस एकदम कमी ठेवा, पेट्रोल खाते" हे वाक्य प्रत्येक गॅरेजवर ऐकू येतं. यात पेट्रोल वाचतं फार थोडं. फार कमी रेसवर ऑइल पंप हळू फिरतो, बॅटरी नीट चार्ज होत नाही आणि गाडी चौकाचौकात बंद पडते. मग दहादा सेल्फ मारताना वाचलेलं पेट्रोल परत जातं ते जातंच.

३. चालवताना गाडी मक्खन, पण सिग्नलवर मूठ सोडली की बंद पडून राहिली. काऊन?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे दोन रस्ते असतात. मूठ पिळली की मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) आणि कार्बमधली सुई काम करतात. मूठ पूर्ण सोडलेली असताना इंजिन फक्त स्लो जेटवर जगतं, आणि त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. चालवताना गाडी उत्तम आणि सोडली की मेली, याचा सरळ अर्थ असा की मोठा रस्ता मोकळा आहे आणि छोटा तुंबला आहे. नाहीतर इंजिन बाहेरून कुठून तरी फालतू हवा ओढतंय.

इथे बहुतेक जण एकच गोष्ट करतात: रेसचा स्क्रू आवळून रेस वाढवतात. गाडी चालू राहते आणि आजार झाकला जातो. तो स्क्रू झडप थोडी उघडी ठेवतो, म्हणजे इंजिनला मोठ्या रस्त्यावरून उधारीवर पेट्रोल मिळतं. महिनाभराने जेट आणखी तुंबतो आणि स्क्रू आणखी आवळावा लागतो. म्हणून कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी दोन गोष्टी ठरवा. गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? आणि मूठ एकदा पिळून सोडल्यावर रेस कशी खाली येते? रेस वरच रेंगाळून सावकाश उतरत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. झपकन खाली जाऊन, बंद पडता पडता परत सावरत असेल तर पेट्रोल जास्त. ही चाचणी फुकट आहे आणि निम्मं निदान तिच्यातच होतं.

थंडीतली तक्रार असेल तर प्रश्न ४, गरमीतली असेल तर ५, रेंगाळत असेल तर ६ पाहा.

४. डिसेंबरमध्ये सकाळी चोक ओढला की चालू, चोक बंद केला की बंद. पाच-पाच मिनिटं चोकवर ठेवावी लागते.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं. चोक तेवढ्यासाठीच आहे. आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरला तरी मिनिट-दीड मिनिटात चोक सोडता आला पाहिजे. पाच मिनिटं लागत असतील तर स्लो जेट अर्धवट तुंबलेला आहे किंवा मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, फार पातळ (पेट्रोल कमी) सेट झालंय. आधी जेट साफ करा (प्रश्न ८), मग मिक्श्चर लावा (प्रश्न ७). उलट क्रमाने केलं तर दोनदा करावं लागेल.

उलट बाजूही बघा. डिसेंबरच्या सकाळीही चोकची गरजच पडत नसेल तर कौतुक करू नका, मिश्रण कायमचं जाड (पेट्रोल जास्त) आहे. तिचा प्लग काढला तर कोरड्या काजळीने काळा झालेला सापडेल.

५. मे महिन्यात दुपारी सीताबर्डीत गाडी उभी केली, दहा मिनिटांनी आलो तर चालू होत नाही, झालीच तर रेस धरत नाही. सकाळी मात्र काहीच तक्रार नसते.

इथे खराबी असेलच असं नाही. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे आणि त्यातला सर्वात हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागतो. मे महिन्यात नागपूरची हवाच पंचेचाळीसच्या वर जाते. त्यात गाडी बंद केली की इंजिनवरचा वारा थांबतो आणि सिलिंडरची उष्णता कार्बच्या वाटीत, म्हणजे तळाशी पेट्रोल साठतं त्या भागात, चढते. आतलं पेट्रोल उकळतं, वाफ आणि थेंब इंजिनच्या तोंडाशी जमतात, आणि आपण आलो की सवयीने चोक ओढतो. आधीच पेट्रोलने भरलेल्या इंजिनात आणखी पेट्रोल.

उपाय साधा आहे. चोक बंद ठेवा, मूठ पाव भाग उघडी ठेवा आणि किक मारा किंवा सेल्फ द्या. चालू झाली की वीस-तीस सेकंद हलकी रेस देत धरा, म्हणजे वाटीत ताजं, त्यामानाने थंड पेट्रोल येतं. गाडी सावलीत लावता आली तर निम्मा त्रास तिथेच संपतो. कार्ब आणि सिलिंडरच्या मध्ये काळा प्लास्टिकचा किंवा बेकेलाइटचा जाड तुकडा असतो, तो उष्णता अडवण्यासाठीच आहे. इंजिन उघडल्यावर तो परत बसवायला कुणी विसरलेलं नाही ना, हे बघा.

गाडी चालू असताना, पूर्ण गरम झाल्यावर प्रत्येक सिग्नलला बंद पडत असेल तर मात्र ऊन हे कारण नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातलं बारीक अंतर, बघा, प्रश्न १२.

६. रेस आपोआप वाढून राहिली. मूठ सोडली तरी दोन-अडीच हजारांवरच अडकते.

आधी केबल बघा. न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. रेस बदलली तर केबल ताणलेली आहे किंवा चुकीच्या जागेवरून नेली आहे. कार्बचा काही संबंध नाही. मुठीला दोन-चार मिलिमीटर ढील हवीच. टाकी काढून परत बसवल्यावर हा प्रकार हमखास होतो, कारण केबल टाकीखाली दबते.

केबल ठीक असेल तर चोक अर्धा अडकलेला आहे का ते बघा. तोही नसेल तर उरते हवेची गळती. कार्ब आणि इंजिनच्या मधला रबर किंवा मॅनिफोल्ड तडकला, ओ-रिंग चपटी झाली, किंवा मॅनिफोल्डवरच्या छोट्या नळीचं टोपण पडलं की इंजिन तिथून हवा ओढतं. ती हवा कार्बच्या हिशेबात नसते. मिश्रण पातळ होतं आणि रेस रेंगाळते.

गळती शोधायला साध्या पाण्याचा फवारा पुरतो. गाडी स्लो रेसवर ठेवून मॅनिफोल्डच्या जोडांवर थोडं पाणी मारा. रेस क्षणभर बदलली की जागा सापडली. काही जण यासाठी कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. तापलेल्या सायलेन्सरच्या वीतभर अंतरावर हे करू नका, गाडी पेटते.

माझ्या २००९च्या शंभर सीसी गाडीला हेच झालं होतं. एका मेकॅनिकने तीनदा कार्ब साफ केला, तीनदा पैसे घेतले, आणि प्रत्येक वेळी चार दिवस गाडी बरी चालली. शेवटी एका रविवारी मीच मॅनिफोल्ड काढला. रबराला आतल्या बाजूने केसाएवढी तडा होती, थंड असताना बंद राहणारी आणि गरम झाली की उघडणारी. दोन वर्षं मी कार्बला शिव्या देत होतो.

७. मिक्श्चरचा स्क्रू किती फेरे ठेवायचा?

सगळ्या गाड्यांना चालणारा आकडा नाही, पण सुरुवात दीड ते दोन फेऱ्यांवरून करता येते. आधी तो स्क्रू कुठे आहे हे ओळखा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत आवळला की हवा कमी, मिश्रण जाड. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आणि मग उलटं: बाहेर काढला की जाड. जुन्या यामाहा आरएक्स १००ला हवेचा स्क्रू आहे, तर पल्सरसारख्या व्हॅक्युम कार्बच्या गाड्यांत बहुधा पेट्रोलचा. यूट्यूबवर दुसऱ्याच गाडीचं बघून उलटा फिरवणारे दर आठवड्याला एक तरी भेटतात.

गाडी पाच-सात किलोमीटर चालवून गरम करा. रेसच्या स्क्रूने रेस जराशी वाढवा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या आणि फेरे मोजा, कारण तुमचा मूळ आकडा तोच. जोर लावू नका, टोक मोडलं तर कार्बच कामातून जातो. मग दीड फेरा बाहेर काढा आणि तिथून पाव-पाव फेरा इकडेतिकडे करत रेस सर्वात जास्त आणि सर्वात शांत कुठे होते ते कानाने शोधा. ती जागा सापडली की रेसचा स्क्रू सैल करून रेस योग्य जागी आणा. पुन्हा एकदा मिक्श्चर तपासा. शेवटी प्रश्न ३ मधली मूठ सोडण्याची चाचणी करा.

मिक्श्चर फिरवून रेसवर काहीच फरक पडत नसेल तर स्क्रू फिरवणं थांबवा. जेट तुंबलाय किंवा हवा गळतेय.

८. स्लो जेट घरी साफ करता येतो का? सुई किंवा तार घातली तर चालेल?

साफ करता येतो, सुई घालू नका. जेट पितळेचा असतो, स्टीलची तार भोक रुंद करते आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं. वाटी उघडून योग्य मापाच्या पेचकसने जेट काढा. ढिला पेचकस त्याची खाच खातो. कार्ब क्लीनरमध्ये अर्धा तास ठेवा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा आणि उजेडाकडे धरून बघा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. जेटच्या मागचा रस्ता आणि मिक्श्चर स्क्रूचं भोक यांतूनही हवा मारा, कारण नुसता जेट साफ करून परत लावणं हे अर्धंच काम आहे. हवा मारण्याआधी रबराचे भाग आणि व्हॅक्युम कार्बचा पडदा बाजूला काढून ठेवा.

हे सगळं उघड्यावर करा. घरात गॅस किंवा देवघरातली समई चालू असताना तर मुळीच नाही.

९. कार्बच्या नळीतून पेट्रोल टपकते आणि रेसही जड वाटते.

फ्लोटच्या (वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भागाच्या) पिनखाली कचरा अडकलाय किंवा पिनचं टोक झिजलंय. पेचकसच्या मुठीने वाटीवर दोन-तीन हलके ठोके द्या, कचरा असेल तर बऱ्याचदा सुटतो. परत परत होत असेल तर पिन बदला आणि फ्लोटची उंची पुस्तकाप्रमाणे लावा.

रात्रभर टपकलं असेल तर किक मारण्याआधी इंजिन ऑइल बघा. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरलंय. ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका. हाताने फिरवायचा कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) असलेल्या गाडीचा कॉक रात्री बंद करायची जुन्या लोकांची सवय याच कारणासाठी होती.

१०. पावसात किंवा वॉशिंगनंतर रेस खाली-वर होते.

प्लगच्या टोपणात पाणी असेल तर वाळल्यावर आपोआप जाईल. नाही गेलं तर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि कार्बला पेट्रोल नेमकं टाकीच्या तळातूनच जातं. अशा वेळी टाकीही रिकामी करा. झाकणाचं रबर तपासा, पाणी बहुतेक तिथूनच उतरतं.

११. दिवाळीत गावी गेलो, दोन महिने गाडी उभी होती. आता फक्त चोकवर चालते.

वाटीतलं पेट्रोल उडून गेलं आणि मागे चिकट पिवळा थर उरला, तो सर्वात आधी स्लो जेटमध्ये बसतो. प्रश्न ८ प्रमाणे साफ करा. पुढच्या वेळी जाताना कॉक बंद करून वाटी रिकामी करून जा, काम दोन मिनिटांचं आहे.

१२. कार्ब साफ केला, गळती नाही, मिक्श्चर लावलं. तरी गरम झाली की बंद पडते. आता?

आता कार्बला सोडा. प्लग बघा: गॅप गाडीप्रमाणे ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते, आणि पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेल्या प्लगला निरोप दिलेला बरा. मग टॅपेट. बहुतेक छोट्या गाड्यांत हे अंतर ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि ते इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचं. टॅपेट घट्ट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि स्लो रेसवर इंजिन दम सोडतं. गंमत अशी की घट्ट टॅपेटची गाडी एकदम शांत असते. "टॅपेटचा आवाज बंद करून द्या" असा हट्ट धरणारे गिऱ्हाईकच हा आजार विकत घेतात. थोडी टिकटिक असू द्या.

टॅपेट बरोबर असूनही तसंच होत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. गरम झाल्यावरच स्पार्क जात असेल तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या.

१३. दहा-पंधरा मिनिटं चालली की दम तोडते, थोड्या वेळाने परत चालू होते. हीच तक्रार ना?

नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तुंबलं असेल. बंद पडल्यावर झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली तर तेच.

१४. चिखलदऱ्याला गेलो की रेस जड होते. वर जाऊन सेटिंग बदलू का?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. हवेचा दाब तेवढ्यात नऊ टक्क्यांच्या आसपास उतरतो. हवा विरळ झाली तरी कार्ब पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून मिश्रण थोडं जाड होतं. एक-दोन दिवसांसाठी काही बदलू नका, फार तर रेस किंचित वाढवा.

पण हाच हिशेब घरी लावून बघा. दहा अंशांची डिसेंबरची सकाळ आणि पंचेचाळीस अंशांची मेची दुपार यांतही हवेच्या घनतेत दहा-अकरा टक्के फरक पडतो. म्हणजे आपली गाडी गावातल्या गावात वर्षातून एकदा चिखलदरा चढून उतरते. मे महिन्यात लावलेलं मिक्श्चर डिसेंबरमध्ये पातळ वाटलं तर मेकॅनिकला दोष देण्याआधी कॅलेंडर बघा. पाव फेऱ्याचं काम आहे.

१५. आवाजासाठी सायलेन्सर बदलला आणि फिल्टरही काढला. आता स्लो रेसवर फटफट वाजते.

वाजणारच. हवा वाढली, जेट तोच राहिला. मूळ सायलेन्सर आणि फिल्टर परत लावा. फिल्टरशिवाय शहरातली बांधकामाची धूळ सरळ पिस्टनवर जाते, रेस हा त्यात सर्वात छोटा प्रश्न उरतो.

१६. मेकॅनिक म्हणतो कार्बच बदला. टाकू का नवा?

झडप किंवा तिची नळी झिजून हलायला लागली असेल, मिक्श्चर स्क्रूची बसायची जागा खराब झाली असेल किंवा वाटीचा धातू पांढऱ्या पावडरीसारखा खाल्ला गेला असेल, तर हो. फक्त "साफ करून पण होत नाही" एवढंच कारण असेल तर आधी त्याच्यासमोर पाण्याचा फवारा मारून दाखवा (प्रश्न ६). बदलायचाच ठरला तर तुमच्या गाडीच्या नंबरचाच घ्या. दिसायला सारखा, स्वस्त नकली कार्ब बऱ्याचदा वेगळ्याच जेटचा निघतो. जुना कार्ब परत मागून घ्या, त्याचे जेट पुढे कामी येतात.

१७. माझी आरएक्स १०० आहे. वरचं सगळं केलं, तरी रेस कधी वर, कधी खाली.

टू-स्ट्रोकमध्ये हवा आत जायला आणखी एक जागा असते: क्रँकचे ऑइल सील. इतक्या वर्षांत ते कडक होतात आणि मॅग्नेटच्या बाजूने हवा आत येते. मॅग्नेटचं कव्हर उघडा. आत ऑइलचा ओलावा दिसला तर सील गेलेलं आहे. गिअरच्या बाजूचं सील गेलं असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर वाढतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. सील बदलायचं काम टू-स्ट्रोक उघडलेल्या हाताकडेच द्या. आणि तोवर ती गाडी जोरात पळवू नका, पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोकचा पिस्टन चिकटायला वेळ लागत नाही.